पैशाविषयीची लोकप्रिय गीते आणि 'सिंगल' ध्वनिमुद्रिकेचे अर्थकारण

प्रस्तावना

पैसा हा लोकप्रिय गीतांचा जुना विषय आहे. प्रेम आणि विरह यांच्या तुलनेत पैशाची गीते संख्येने थोडी असली, तरी प्रत्येक कालखंडाने आपापल्या आर्थिक अनुभवातून अशी गीते घडविली आहेत. १९३२ मध्ये, जागतिक महामंदीच्या काळात, जे गॉर्नी आणि यिप हारबर्ग यांनी 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?' हे गीत रचले. एकेकाळी राष्ट्राची उभारणी केलेला कष्टकरी आता वाटसरूकडे एका नाण्याची याचना करतो, हा त्याचा विषय. पुढे १९५९ मध्ये डेट्रॉइट शहरातून, १९७३ मध्ये लंडनमधून, १९७६ मध्ये स्टॉकहोममधून आणि १९८५ मध्ये पुन्हा ब्रिटनमधून पैशाविषयीची अशी गीते आली, की ती आजही जगभर ऐकली जातात.

या गीतांचा विचार बहुधा आशयाच्या अंगाने होतो. एखादे गीत पैशाची हाव बोलून दाखविते, एखादे तिची टर उडविते, एखादे गरिबाचे दुःख मांडते, असे वर्गीकरण केले जाते. ते उपयुक्त असले तरी अपुरे आहे. गीत श्रोत्यापर्यंत पोहोचते ते एका विक्रेय वस्तूच्या रूपाने आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वस्तू मुख्यतः 'सिंगल' ही होती. गीताच्या शब्दांतील पैसा सर्वांना ऐकू येतो. गीतामुळे निर्माण होणारा पैसा कोणत्या वाटेने कोणाकडे जातो, हे मात्र तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या छोट्या कागदावरील मजकुरातून ठरते. प्रस्तुत लेखात पैशाविषयीच्या काही निवडक गीतांच्या आधारे सिंगल प्रसिद्ध करण्याची पद्धती स्पष्ट केली आहे आणि या पद्धतीत श्रेयनामावलीला निर्णायक स्थान का प्राप्त झाले, याचे विवेचन केले आहे.

१. 'सिंगल' : एक वस्तू आणि एक व्यवस्था

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. लोकप्रिय गीताची तीन मिनिटांची मर्यादा ही अशी तांत्रिक कारणातून जन्मली आणि कारण संपल्यावरही सवय म्हणून टिकली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घ वादनाची म्हणजेच एलपी तबकडी बाजारात आणली. तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची लहान तबकडी आणली. पुढील काळात दोन्हींनी आपापली कामे वाटून घेतली. अनेक रचनांचा संच एलपीवर आणि एकेकटे गीत लहान तबकडीवर, अशी विभागणी रूढ झाली. ही लहान तबकडी स्वस्त, हलकी आणि टिकाऊ असल्यामुळे तरुण ग्राहकांच्या आवाक्यात आली.

सिंगलला दोन बाजू असत. कंपनीला ज्या गीताचा प्रसार करावयाचा असे ते पहिल्या बाजूवर आणि दुय्यम मानलेले गीत दुसऱ्या बाजूवर घेतले जाई. प्रकाशनाचा क्रमही ठरलेला असे. मूळ ध्वनिफितीवरून साचा तयार होई, कारखान्यात तबकड्या दाबून काढल्या जात, प्रसिद्धीच्या प्रती नभोवाणी केंद्रांकडे आधी पाठविल्या जात आणि वितरकांमार्फत माल दुकानांत पोहोचे. नभोवाणीवर गीत वाजू लागले, पण दुकानात तबकडी नाही, अशी स्थिती आल्यास मागणी वाया जात असे. म्हणून प्रसारण आणि पुरवठा यांचा मेळ साधणे हे प्रकाशनाच्या तारखेमागील मुख्य गणित होते.

लोकप्रियतेच्या याद्यांनी या व्यवस्थेला सार्वजनिक मोजमाप दिले. ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२ मध्ये सिंगलच्या विक्रीवर आधारलेली पहिली यादी प्रसिद्ध केली. अमेरिकेत 'बिलबोर्ड' साप्ताहिकाची 'हॉट १००' ही यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. यादीतील वरचे स्थान म्हणजे अधिक प्रसारण, अधिक प्रसारण म्हणजे अधिक विक्री आणि अधिक विक्री म्हणजे पुन्हा वरचे स्थान, असे हे चक्र होते. ते फिरते ठेवण्यासाठी कोणता मार्ग अवलंबिला जाईल, याला फारशी सीमा नव्हती, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

२. कंसातील नावे

सिंगलच्या मध्यावरील कागदी लेबलावर गीताचे शीर्षक, गायक वा गायकवृंद, कंपनीचे नाव आणि क्रमांक छापलेला असे. शीर्षकाखाली, बहुधा कंसात, लहान अक्षरांत गीतरचनाकारांची नावे असत. ग्राहकाचे लक्ष गायकाच्या नावाकडे जाई. पैशाची दीर्घकाळची वाट मात्र कंसातील नावांच्या दिशेने जात असे. याचे कारण कायद्यात आहे.

ध्वनिमुद्रित गीतात दोन स्वतंत्र हक्क असतात. एक हक्क शब्द आणि चाल यांनी बनलेल्या रचनेचा, तर दुसरा त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्व हक्क कायद्याने तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक रचनेसाठी दोन सेंट अशी रॉयल्टी निश्चित केली. हा दर १९७७ अखेरपर्यंत बदलला नाही. रचना एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली, की ठरलेली रॉयल्टी भरून कोणासही ती पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. त्यासाठी रचनाकाराची संमती आवश्यक नव्हती. ब्रिटनमध्येही १९५६ च्या कायद्यात अशीच तरतूद होती आणि तेथे किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के हा दर होता.

उदाहरणादाखल, एखाद्या सिंगलच्या दहा लाख प्रती खपल्या असे मानू. दोन सेंट दराने एका रचनेची रॉयल्टी २०,००० डॉलर होते. रूढ पद्धतीप्रमाणे निम्मी रक्कम संगीत प्रकाशन संस्थेला आणि निम्मी रचनाकारांना मिळते. कंसात दोन नावे असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास ५,००० डॉलर येतात. तीन असतील तर सुमारे ३,३३३. विशेष म्हणजे दुसऱ्या बाजूवरील गीत कोणी ऐकले नाही तरी त्याच्या रचनाकारांना तेवढीच रक्कम मिळते, कारण रॉयल्टी ऐकण्यावर नव्हे, तर प्रतीवर आकारली जाते. दुसऱ्या बाजूवर स्वतःचे वा आपल्या संस्थेचे गीत घालण्याची प्रथा यातूनच पडली.

प्रसारणाच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो. अमेरिकेत पारंपरिक नभोवाणी केंद्रे गीत वाजविल्याबद्दल रचनाकार आणि प्रकाशक यांना मोबदला देतात. ध्वनिमुद्रणातील गायक-वादकांना मात्र त्यातून काहीही मिळत नाही. ही स्थिती आजही कायम आहे. म्हणजे एखादे गीत पन्नास वर्षे नभोवाणीवर वाजत राहिले, तरी ज्याचा आवाज ऐकू येतो त्याला काही नाही आणि ज्याचे नाव कंसात आहे त्याला दरवर्षी उत्पन्न, असा हा व्यवहार आहे.

अशा परिस्थितीत कंसातील जागा हीच एक प्रकारचे चलन बनली, तर आश्चर्य नाही. १९५५ मध्ये चेस कंपनीने चक बेरी यांचे 'मेबलीन' हे गीत प्रसिद्ध केले, तेव्हा रचनाकार म्हणून बेरी यांच्यासह नभोवाणी निवेदक ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांचीही नावे लागली. निवेदकाच्या हाती प्रसारण होते आणि श्रेयातील वाटा हा त्याचा मोबदला होता. बेरी यांना संपूर्ण श्रेय परत मिळण्यास १९८६ साल उजाडले. प्रसारणासाठी पैसे देण्याच्या प्रकारांची १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेने चौकशी केली आणि १९६० मध्ये अशा गुप्त मोबदल्यास कायद्याने बंदी घातली. नेमक्या याच सुमारास पैशाविषयीचे एक अत्यंत प्रभावी गीत डेट्रॉइटमध्ये तयार होत होते.

३. 'मनी, दॅट्स व्हॉट आय वॉन्ट' : एका श्रेयाची कथा

बेरी गॉर्डी यांनी जानेवारी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलरचे कर्ज घेऊन टॅमला ही ध्वनिमुद्रिका संस्था सुरू केली. पुढे ती मोटाउन या नावाने जगप्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 'मनी, दॅट्स व्हॉट आय वॉन्ट' हे गीत ध्वनिमुद्रित झाले. गायन आणि पियानो बॅरेट स्ट्राँग यांचा होता. प्रेमाने देणी भागत नाहीत, पैसाच हवा, असा या गीताचा रोखठोक भाव आहे. नुकतेच कर्ज काढून उभ्या राहिलेल्या संस्थेचे पहिले मोठे यश या विषयावरील गीताने मिळावे, हा योगायोग बोलका आहे.

सिंगल प्रथम टॅमलाच्या नावाने निघाली. परंतु लहान संस्थेला देशभर वितरण करणे अवघड असते. तबकड्या दाबून घेण्याचा खर्च आधी करावा लागतो आणि वितरकांकडून वसुली उशिरा होते. त्यामुळे गीत लोकप्रिय झाले की रोख रकमेची चणचण वाढते, असा विरोधाभास लहान कंपन्यांच्या वाट्याला नेहमी येत असे. हे गीत देशभर पोहोचविण्यासाठी गॉर्डी यांच्या भगिनीच्या ॲना रेकॉर्ड्स या संस्थेच्या नावाने पुन्हा काढण्यात आले. या संस्थेचे वितरण शिकागोच्या चेस कंपनीकडे होते. १९६० मध्ये ते बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत दुसऱ्या, तर हॉट १०० मध्ये तेविसाव्या स्थानी पोहोचले.

त्यानंतर इतरांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे गीताचे खरे आर्थिक आयुष्य सुरू झाले. बीटल्स यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या एलपीच्या शेवटी हे गीत घेतले. रोलिंग स्टोन्स यांनीही ते ध्वनिमुद्रित केले. १९७९ मध्ये फ्लाइंग लिझर्ड्स यांची आवृत्ती ब्रिटनच्या यादीत पाचव्या स्थानी गेली. या प्रत्येक आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकारांना आणि प्रकाशकाला रॉयल्टी देय होती. मूळ गायकाला गायक या नात्याने या आवृत्त्यांतून काहीही मिळण्याचा प्रश्न नव्हता.

म्हणून रचनाकार कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गीताचे रचनाकार म्हणून बेरी गॉर्डी आणि जेनी ब्रॅडफर्ड यांची नावे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेच्या स्वामित्व हक्क कार्यालयातील मूळ नोंदीत मात्र बॅरेट स्ट्राँग यांचेही नाव होते. गीत रचले गेल्यानंतर तीन वर्षांनी ते नोंदीतून काढले गेले. त्या काळी पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांची असल्याने १९८७ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा ते पुन्हा नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा वगळले गेले. ही माहिती २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केली. गीताचा पाया असलेली पियानोची सुरावट आपण योजली, असे स्ट्राँग यांचे म्हणणे होते. मूळ नोंदीतील त्यांचे नाव ही कारकुनी चूक होती, अशी गॉर्डी यांच्या बाजूची भूमिका होती. गीत तयार होताना त्या खोलीत नेमके काय घडले, याविषयी दोन्ही बाजूंची कथने परस्परविरोधी राहिली.

या वादातील सत्यासत्य ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु त्यातून व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये स्पष्ट होतात. एक म्हणजे, नोंदीतील बदल संबंधित व्यक्तीला कळविण्याचे बंधन कार्यालयावर नाही. दुसरे असे की, हक्काचा दावा करण्यास कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे. जो नोंद पाहत नाही त्याची मुदत त्याच्या नकळत संपू शकते. तिसरी बाब अशी, की जी प्रकाशन संस्था नोंदी सांभाळते तीच अनेकदा लाभधारकही असते. गॉर्डी यांची जोबेट ही संगीत प्रकाशन संस्था अशीच होती. स्ट्राँग पुढे नॉर्मन व्हिटफिल्ड यांच्यासह 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' यांसारख्या गाजलेल्या गीतांचे रचनाकार झाले आणि त्या गीतांवर त्यांचे नाव निर्विवादपणे राहिले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

रचनेचा हक्क किती मोलाचा असतो, हे मोटाउनच्या विक्रीवरून लक्षात येते. १९८८ मध्ये मोटाउन ही ध्वनिमुद्रिका कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरला विकली गेली. जोबेट मात्र गॉर्डी यांनी स्वतःकडे ठेवली आणि १९९७ मध्ये तिचा केवळ निम्मा हिस्सा १३ कोटी २० लाख डॉलरला ईएमआयला विकला. तबकड्या, ध्वनिफिती आणि कलावंतांचे करार एका पारड्यात टाकले, तरी कंसातील नावांशी निगडित हक्कांचे पारडे जड ठरले.

४. अल्बममधील गीत आणि सिंगल : दोन धोरणे

सत्तरच्या दशकापर्यंत एलपी हे स्वतंत्र कलाकृती म्हणून प्रतिष्ठित झाले होते. त्यामुळे सिंगल हे स्वतंत्र उत्पादन मानावे, की एलपीची जाहिरात, असा प्रश्न उभा राहिला. पैशाविषयीच्या दोन गीतांनी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली.

स्वीडनच्या ॲबा या गायकवृंदाचे 'मनी, मनी, मनी' हे गीत नोव्हेंबर १९७६ मध्ये सिंगल म्हणून निघाले. श्रीमंतांच्या जगाचे स्वप्न पाहणारी कष्टकरी स्त्री हा त्याचा विषय. ते ज्या 'अरायव्हल' या एलपीत आहे, तो त्याआधीच्या महिन्यात प्रसिद्ध झाला होता. त्याच एलपीतील 'डान्सिंग क्वीन' ऑगस्ट १९७६ मध्ये आणि 'नोइंग मी, नोइंग यू' फेब्रुवारी १९७७ मध्ये सिंगल म्हणून आले. एका एलपीतील तीन गीते सुमारे सहा महिन्यांच्या काळात क्रमाक्रमाने काढल्यामुळे प्रत्येक वेळी नवे गीत चर्चेत येई आणि एलपीच्या खपाला नवा जोर मिळे. प्रत्येक देशात जाऊन कार्यक्रम करणे शक्य नसल्याने दिग्दर्शक लासे हालस्ट्रम यांच्याकडून गीतांचे लघुपट तयार करून ते दूरचित्रवाणी केंद्रांकडे पाठविले जात. 'मनी, मनी, मनी' ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानी पोहोचले. अमेरिकेत मात्र ते छप्पन्नाव्या स्थानापलीकडे गेले नाही. एकच सिंगल बाजारपेठेनुसार किती भिन्न ठरते, हे यावरून दिसते.

पिंक फ्लॉइड यांचे धोरण उलट होते. १९६८ नंतर जवळजवळ अकरा वर्षे त्यांनी ब्रिटनमध्ये सिंगल काढली नाही. मार्च १९७३ मध्ये आलेल्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या एलपीत रॉजर वॉटर्स यांचे 'मनी' हे गीत आहे. नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज आणि गल्ल्याच्या यंत्राचा आवाज यांच्या तुकड्यांची फीत जोडून त्याचा आरंभ घडविला होता आणि त्याचा बराचसा भाग सात मात्रांच्या अपरिचित तालात आहे. धनलोभाचा उपरोध करणारे हे गीत अमेरिकेत मात्र काटछाट करून सिंगल म्हणून काढण्यात आले आणि हॉट १०० मध्ये तेराव्या स्थानी पोहोचले. मूळ एलपी १९७३ ते १९८८ या काळात बिलबोर्डच्या एलपी यादीत ७४१ आठवडे राहिला. धनाचा उपहास करणारे गीत अमाप धन मिळविण्याचे निमित्त झाले.

याच गीताच्या बाबतीत ध्वनिमुद्रणाच्या हक्काची बाजूही समोर येते. १९८१ मध्ये कोलंबिया कंपनीने पिंक फ्लॉइड यांच्या निवडक गीतांचा संग्रह काढला, तेव्हा अमेरिकेतील मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कॅपिटॉल कंपनीने 'मनी' वापरण्यास परवानगी दिली नाही. परिणामी डेव्हिड गिल्मर यांनी सॅक्सोफोन वगळता जवळजवळ सर्व वाद्ये स्वतः वाजवून गीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. रचना वापरता आली, कारण तिचा हक्क वेगळा होता. स्वतःचेच जुने ध्वनिमुद्रण मात्र वापरता आले नाही.

५. चित्रफीत आणि श्रेयाचे सामर्थ्य

ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाल्यावर सिंगलच्या प्रकाशनात चित्रफीत हा अनिवार्य घटक झाला. डायर स्ट्रेट्स यांचे १९८५ चे 'मनी फॉर नथिंग' हे गीत याच बदलावर बेतलेले आहे. घरगुती उपकरणांच्या दुकानातील कामगार दूरचित्रवाणीवरील संगीतकारांकडे पाहून, यांना विनाकष्ट पैसा मिळतो, असा शेरा मारतो, ही त्याची कल्पना. सुमारे साडेआठ मिनिटांचे हे गीत सिंगलसाठी आखूड केले गेले, संगणकनिर्मित चित्रांचा वापर केलेली त्याची चित्रफीत सतत दाखविली गेली आणि ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या स्थानी राहिले. १९८७ मध्ये एमटीव्हीची युरोपीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने पहिले गीत म्हणून हेच दाखविले. वाहिनीवर टीका करणारे गीत वाहिनीनेच आपले उद्घाटनगीत केले.

या गीताच्या कंसात मार्क नॉफ्लर यांच्यासह स्टिंग यांचे नाव आहे. गीतात स्टिंग यांनी गायिलेल्या एका छोट्या ओळीची चाल त्यांच्याच पूर्वीच्या एका गीताशी जुळत होती. त्यामुळे त्यांच्या प्रकाशन संस्थेने श्रेयाचा आग्रह धरला. स्वतः स्टिंग यांनी यात आपला पुढाकार नसल्याचे नंतर सांगितले. एका ओळीच्या चालीसाठी जागरूक संस्थेने मिळवून दिलेले श्रेय आणि संपूर्ण गीताचा पाया घातल्याचा दावा करूनही स्ट्राँग यांना टिकविता न आलेले श्रेय, ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. कंसातील नाव हे केवळ सर्जनाचे प्रमाणपत्र नसते. ते नोंद ठेवणाऱ्या आणि दावा चालविणाऱ्या यंत्रणेच्या सामर्थ्याचेही फलित असते.

६. तबकडीनंतरचे सिंगल

एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सचे दुकान सुरू करून एकेक गीत ९९ सेंटला विकण्यास आरंभ केला. त्यामुळे अल्बममधील प्रत्येक गीत आपोआपच सिंगल झाले. कोणते गीत सुटे विकत घ्यावे, हे ग्राहक ठरवू लागला. पिंक फ्लॉइड यांनी याला विरोध केला. त्यांच्या ईएमआयशी झालेल्या करारात गीते सुटी करण्यास मनाई होती. ही मनाई संगणकीय विक्रीलाही लागू आहे, असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये दिला. जानेवारी २०११ मध्ये मात्र उभय पक्षांत नवा करार झाला आणि सुट्या विक्रीचा मार्ग मोकळा झाला. 'मनी' हे गीत ब्रिटनमध्ये सुटे विकू न देण्याचा १९७३ मधील निर्णय असा अडतीस वर्षांनी कालबाह्य ठरला.

पुढे विक्रीची जागा श्रवणाने घेतली. जुलै २०१४ पासून ब्रिटनच्या अधिकृत सिंगल यादीत स्ट्रीमिंगची गणना होऊ लागली आणि आरंभी शंभर श्रवणे म्हणजे एक विक्री असे प्रमाण धरले गेले. जुलै २०१५ पासून अनेक देशांत शुक्रवार हा नव्या प्रकाशनाचा समान दिवस ठरला. स्पॉटिफायवर गीत किमान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते श्रवण म्हणून मोजले जाते. त्यामुळे लांबलचक प्रास्ताविक वादन टाळण्याकडे कल वाढला. २०२४ पासून या सेवेने, मागील बारा महिन्यांत किमान हजार श्रवणे नसलेल्या ध्वनिमुद्रणास मोबदल्यातून वगळले. म्हणजे तबकडीच्या काळात दुसऱ्या बाजूवरील अनोळखी गीताला जी हमी होती ती आता उरलेली नाही.

वाटणीचे स्वरूपही पालटले आहे. स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातील साधारण ३० टक्के सेवेकडे, ५५ टक्के ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाकडे आणि १५ टक्के रचनेकडे जातात, असे ब्रिटिश संसदेच्या समितीच्या २०२१ मधील चौकशीत समोर आले. नभोवाणीच्या काळात रचनेचे पारडे जड होते. येथे ध्वनिमुद्रणाचे झाले आहे. तथापि ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे असल्याने गायकाच्या हाती किती पडते, हे त्याच्या जुन्या करारावर अवलंबून राहते. अमेरिकेत तर फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संगणकीय प्रसारणाच्या मोबदल्याचे केंद्रीय संरक्षण २०१८ च्या कायद्याने प्रथमच मिळाले. १९५९ मध्ये गायिलेल्या गीताच्या गायकासाठी हा विलंब जवळजवळ साठ वर्षांचा होता.

७. भारतीय संदर्भ

भारतात लोकप्रिय गीत प्रामुख्याने चित्रपटाशी बांधलेले राहिले. 'चलती का नाम गाडी' (१९५८) मधील 'पाँच रुपय्या बारा आना' असो वा 'सबसे बड़ा रुपय्या' (१९७६) या चित्रपटाचे शीर्षकगीत असो, पैशाविषयीची गीते चित्रपटाबरोबरच प्रसिद्ध झाली. तबकडी हे चित्रपटाचे जोडउत्पादन आणि जाहिरात होती. गीताच्या प्रकाशनाची स्वतंत्र तारीख आणि स्वतंत्र धोरण ही गोष्ट दुर्मीळ होती. पण लेबलावरील नावाचा प्रश्न येथेही होताच. 'महल' (१९४९) मधील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, तर चित्रपटातील कामिनी या पात्राचे नाव छापलेले होते. पुढे साठच्या दशकात पार्श्वगायकांच्या रॉयल्टीच्या प्रश्नावरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ त्यांनी एकत्र गाणे थांबविले.

रचनाकारांच्या बाबतीत १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. चित्रपटासाठी मोबदला देऊन गीत वा चाल करून घेतली असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर निर्माता हाच हक्काचा पहिला स्वामी ठरतो, असा त्याचा आशय होता. याचा अर्थ असा, की अमेरिकेत कंसातील नावाला जे आर्थिक मूल्य होते ते येथे एकरकमी मोबदल्याबरोबर संपुष्टात येत असे. नाव लेबलावर राही, उत्पन्न मात्र निर्मात्याकडे वा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जाई. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा कायद्याने निश्चित झाला आणि तो सोडून देणारा करार निष्प्रभ ठरविला गेला. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर केलेले प्रयत्न सर्वश्रुत आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी लक्षात येतात.

१) पैशाविषयीच्या गीतांचा आशय आणि त्यांचा आर्थिक व्यवहार यांत अनेकदा विसंगती असते. धनलोभाचा उपहास करणारी गीते त्याच बाजारयंत्रणेतून यशस्वी होतात, जिचा ती उपहास करतात.

२) सिंगल हे केवळ माध्यम नव्हते. गीताची लांबी, त्याची सुरुवात, प्रकाशनाचा क्रम आणि दुसऱ्या बाजूवरील गीताची निवड, या सर्वांवर त्याच्या मोबदल्याच्या नियमांचा ठसा आहे. तबकडी गेली तरी हे तत्त्व तीस सेकंदांच्या नियमाच्या रूपाने टिकून आहे.

३) गायकाचे नाव प्रसिद्धी देते, तर रचनाकाराचे नाव दीर्घकालीन उत्पन्न देते. म्हणून श्रेयनामावली ही सौजन्याची बाब नसून मालमत्तेची नोंद आहे आणि ती नोंद ज्याच्या हाती, त्याच्याकडे सत्ता असते.

४) भारतीय कायद्याने २०१२ मध्ये वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली, ती याच अनुभवाशी सुसंगत आहे. परंतु कायद्यातील वाटा प्रत्यक्ष मिळण्यासाठी नाव नोंदीत अचूक असणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांतील सांस्कृतिक विभागांतून आज विद्यार्थी स्वतः गीते रचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि त्याच दिवशी जगभर प्रसिद्ध करतात. गीत समूहाने घडविलेले असते आणि नोंद करताना बहुधा एकाच नावाने केली जाते. कोणी शब्द लिहिले, कोणी चाल बांधली, कोणी वाजविले आणि वाटा काय, हे प्रकाशनापूर्वी लिहून ठेवण्याची सवय त्यांना लावणे हे संगीत, वाणिज्य आणि विधी या तिन्ही शाखांच्या अध्यापकांचे समान काम ठरते. बॅरेट स्ट्राँग यांनी हे गीत गायिले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. आजच्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थीही त्याच वयाचे आहेत.